‘मोअर टॉलर’ आणि ‘डिड वेंट’: चुका दोन, मूळ एकच

‘श्याम रामपेक्षा उंच आहे’ म्हणताना मराठीत ‘उंच’ या शब्दाला धक्काही लागत नाही. तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’ उचलतो. इंग्रजीत ‘पेक्षा’च्या जागी ‘दॅन’ येतो खरा, पण तो एकटा पुरत नाही. विशेषणालाही रूप बदलावं लागतं. म्हणून मराठी बोलणाऱ्याची पहिली चूक ठरलेली: ‘श्याम इज टॉल दॅन राम’. ती सुधारली की दुसरी येते: ‘मोअर टॉलर’. आधी तुलनेची खूण विशेषणावर नव्हतीच, आता एकाच्या दोन झाल्या.

इंग्रजीचा इथला हिशेब असा: एका कामाला एकच खूण. एक तर शब्दाच्या शेवटी ‘अर’, नाहीतर आधी ‘मोअर’. ‘बेटर’मध्ये तुलना आधीच मुरलेली आहे, म्हणून ‘मोअर बेटर’ चूक. आणखी जोर हवा असेल तर ‘मच बेटर’, ‘मच टॉलर’ म्हणा. ‘व्हेरी टॉलर’ चालत नाही. ‘व्हेरी’ मूळ रूपाला लागतो: ‘व्हेरी टॉल’.

‘अर’ की ‘मोअर’ हे ठरवताना अक्षरं मोजू नका, उच्चाराचे ठोके मोजा. हनुवटीखाली तळहात ठेवून शब्द म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येते तितके ठोके. ‘स्मार्ट’ लिहायला पाच अक्षरं लागतात, पण ठोका एकच, म्हणून ‘स्मार्टर’. दोन ठोके असून शेवटी ‘वाय’ असेल तर ‘हॅपिअर’, ‘बिझिअर’. ‘केअरफुल’, ‘फेमस’, ‘बोअरिंग’, ‘टायर्ड’, ‘मॉडर्न’ यांना ‘मोअर’. ‘क्लेव्हर’, ‘सिंपल’, ‘नॅरो’ यांना दोन्ही चालतं. तीन ठोक्यांपासून पुढे बहुधा ‘मोअर’च. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ मात्र लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आलेत. त्यांच्यापुढे ‘दॅन’ नाही, ‘टू’ येतो.

दहावीपर्यंत सगळ्यांना छळणारा प्रश्न म्हणजे वाक्याची डिग्री, म्हणजे तुलनेची पायरी बदलणे: ‘हाय’ पहिली, ‘हायर’ दुसरी, ‘हायेस्ट’ तिसरी. ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’ हे वाक्य दुसऱ्या डिग्रीत नेलं की ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’ होतं. यातला ‘अदर’ गाळला की गुण जातात, आणि जायलाच हवेत. कळसूबाई स्वतःच महाराष्ट्रातलं शिखर आहे. ‘अदर’ नसेल तर ती स्वतःहूनही उंच असल्याचा अर्थ निघतो. पण ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन इंग्लंड’ हे ‘अदर’शिवायच बरोबर. कळसूबाई १६४६ मीटर, इंग्लंडमधलं सर्वांत उंच स्कॅफेल पाइक ९७८ मीटर. शिवाय कळसूबाई इंग्लंडच्या यादीत नाहीच. म्हणजे ‘अदर’ पाठ करायचा नसतो. ज्याची तुलना करतोय तो त्याच गटातला आहे का, एवढं पाहायचं. पहिल्या डिग्रीत तेच वाक्य: ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई’. इथे ‘ॲज… ॲज’च्या मध्ये मूळ रूपच हवं, ‘ॲज हायर ॲज’ नको.

आता क्रियापदं. ‘तू गेलास का?’ या वाक्यात भूतकाळ ‘गेलास’मध्ये आहे आणि ‘का’ फक्त प्रश्न करतो. याच सवयीने मुलं ‘डिड’ला ‘का’ समजतात आणि ‘डिड यू वेंट?’ विचारतात. पण ‘डिड’ हा नुसता ‘का’ नाही. भूतकाळ तोच घेऊन बसलेला असतो, त्यामुळे पुढचं क्रियापद मूळ रूपात परतायला हवं: ‘डिड यू गो?’ नकारातही ‘डिडन्ट गो’. ‘डझ ही गोज?’ चुकतं तेही यामुळेच. ‘डू’ने ‘ज’ घेऊन ‘डझ’ रूप केलं, ‘गो’ला दुसरा कशाला? ‘ही कॅन प्लेज’ आणि ‘ही वाँटेड टू वेंट’सुद्धा याच खात्यातले. ‘अँड’ने जोडलेली क्रियापदं मात्र आपापली खूण वेगळी बाळगतात: ‘ही केम अँड सॅट’.

तीन रूपांचे तक्ते ‘ए’ ते ‘झेड’ क्रमाने पाठ करायला लावणं हा वेळेचा अपव्यय आहे. वागणुकीप्रमाणे गट पाडा. तिन्ही रूपं सारखी: कट, पुट, शट, हर्ट. मागची दोन सारखी: बाय-बॉट-बॉट, ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, कीप-केप्ट-केप्ट, सेंड-सेंट-सेंट. पहिलं-तिसरं सारखं: कम-केम-कम, रन-रॅन-रन. तिन्ही वेगळी: राइट-रोट-रिटन, सिंग-सँग-संग. ‘रीड’चं स्पेलिंग तिन्हीकडे एकच, उच्चार मात्र रीड-रेड-रेड. ‘लाय-ले-लेन’ म्हणजे पडून राहणे आणि ‘ले-लेड-लेड’ म्हणजे ठेवणे. ही जोडी वेगळी लिहून ठेवा, यात इंग्रजही गडबडतात.

नियमित क्रियापदांच्या शेवटच्या ‘ई-डी’चा उच्चार आपल्याकडे सरसकट ‘एड’ करतात: ‘वॉकेड’, ‘वॉशेड’. असा वेगळा ठोका फक्त मूळ शब्दाच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तर येतो: वाँटिड, नीडिड. क, प, स, श, च, फ यांच्यानंतर नुसता ‘ट’: वॉक्ट, वॉश्ट. बाकी सगळीकडे ‘ड’: क्लीन्ड, प्लेड.

स्पेलिंगचे नियम विशेषण आणि क्रियापद दोघांनाही तेच आहेत. एका ठोक्याच्या शब्दात शेवटी एक स्वर आणि एक व्यंजन असेल तर व्यंजन दुप्पट होतं: बिगर, हॉटर, स्टॉप्ड, रनिंग. ‘क्लीन’मध्ये स्वर दोन, ‘फास्ट’मध्ये शेवटी व्यंजनं दोन, म्हणून तिथे नाही. ‘डब्ल्यू’ कधीच दुप्पट होत नाही: स्लोअर. व्यंजनानंतरच्या ‘वाय’चा ‘आय’ होतो: हॅपिअर, स्टडीड, पण ‘प्लेड’मध्ये ‘वाय’च्या आधी स्वर आहे म्हणून तो तसाच राहतो.

सरावासाठी रोज पाच क्रियापदं घ्या आणि प्रत्येकाची चार वाक्यं लिहा: ‘ही रोट इट’, ‘ही डिडन्ट राइट इट’, ‘ही हॅज रिटन इट’, ‘ही वॉज रायटिंग इट’. मग चारही वाक्यांना ‘यस्टरडे’ जोडून बघा. मराठीत ‘मी काल लिहिलंय’ खपून जातं, म्हणून तिसऱ्या वाक्यालाही ‘यस्टरडे’ चिकटवलं जातं. ‘हॅज रिटन’बरोबर ते बसत नाही. तिथे ‘ऑलरेडी’ किंवा ‘जस्ट’ घाला, आणि ‘हॅज’च्या लगेच पुढे घाला: ‘ही हॅज जस्ट रिटन इट’.