पेरेंट रद्द झाला, चाइल्डची आवराआवर राहिली

आमची ऑर्डर-प्रणाली टेम्पोरलवर, म्हणजे लांब चालणारी कामे टप्प्याटप्प्याने पार पाडणाऱ्या सॉफ्टवेअरवर, गो भाषेत लिहिलेली आहे. ग्राहकाने ऑर्डर रद्द केली की पेरेंट वर्कफ्लो (मुख्य कामाचा क्रम) रद्द व्हावा, त्याने सुरू केलेल्या चाइल्डने (उपकामाच्या वर्कफ्लोने) गोदामात राखून ठेवलेला माल मोकळा करावा आणि मगच थांबावे, एवढी साधी अपेक्षा होती. पेरेंट लगेच ‘कॅन्सल्ड’ दिसे. माल मात्र अडकलेलाच राही.

आम्ही दोन दिवस चाइल्डच्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण एकटा चाइल्ड रद्द केला की सारे बिनचूक चाले. उत्तर पहिल्या दिवसापासून पडद्यावर होते: चाइल्डची स्थिती ‘कॅन्सल्ड’ नव्हती, ‘टर्मिनेटेड’ होती. कॅन्सल ही विनंती असते, ती ऐकून कोडला आवराआवर करता येते. टर्मिनेटमध्ये कोडची एकही ओळ पुढे चालत नाही. गोमध्ये चाइल्डसाठीचा ‘वेट-फॉर-कॅन्सलेशन’ हा पर्याय मुळात बंद असतो. त्यामुळे रद्द होताच आमचा पेरेंट चाइल्डची वाट न पाहता बंद होई, आणि पेरेंट बंद झाल्यावर चाइल्डचे काय करायचे ते ठरवणारी ‘पेरेंट क्लोज पॉलिसी’ आम्ही दिलेलीच नसल्याने मूळची ‘टर्मिनेट’ लागू होऊन चाइल्ड आवरण्याआधीच मारला जाई. वर्कफ्लो सांगितल्याप्रमाणेच वागत होता. सांगायला आम्हीच विसरलो होतो.

‘वेट-फॉर-कॅन्सलेशन’ चालू केला आणि पॉलिसी ‘रिक्वेस्ट कॅन्सल’ ठेवली, म्हणजे पेरेंट बंद झाल्यावर चाइल्डला मारण्याऐवजी रद्द होण्याची विनंती जाते. पॉलिसी बदलणेही आवश्यकच होते, कारण कोणी घाईने पेरेंटवर टर्मिनेटचे बटण दाबले तर त्याचा कोड चालतच नाही आणि वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. बिल पाठवणाऱ्या चाइल्डला मात्र ‘ॲबन्डन’ दिले. पेरेंट गेला तरी त्याने आपले काम पुरे करावे.

हे आधीच सांगायला हवे होते: रद्द झालेल्या कॉन्टेक्स्टवर (रद्द झाल्याची खबर कोडपर्यंत नेणाऱ्या वस्तूवर) आवराआवरीची ॲक्टिव्हिटी, म्हणजे वर्कफ्लोने करून घेतलेले एखादे प्रत्यक्ष काम, चालवू पाहिली तर तीही तत्काळ रद्द होते, म्हणून ती ‘न्यू-डिस्कनेक्टेड-कॉन्टेक्स्ट’ने मिळालेल्या वेगळ्या कॉन्टेक्स्टवर चालवावी. शिवाय लांब चालणाऱ्या ॲक्टिव्हिटीने हार्टबीट (‘मी अजून चालू आहे’ असा अधूनमधून जाणारा संदेश) पाठवलाच पाहिजे, कारण आपण रद्द झालो हे तिला त्यातूनच कळते.

आधी अडकलेल्या ऑर्डरींचा माल मात्र आम्हाला एकेक नोंद काढून हातानेच मोकळा करावा लागला.