आरतीच्या वेळी तू कुठे असतोस?

चवथीची सुट्टी संपून शाळा भरते, त्या पहिल्या सोमवारी मी सहसा नवा धडा घेत नाही. मुलांच्या डोळ्यांत जागरण असतं, डब्यांत उरलेल्या नेवऱ्या असतात, आणि ज्यांच्याकडे गणपती सात किंवा नऊ दिवसांचा असतो ती पोरं आलेलीच नसतात. त्या सोमवारी पावसाने वीजही घालवली होती. अकरावीचा वर्ग, चाळीसेक मुलं, खिडक्या अर्ध्या लावलेल्या.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मराठी शिकवते. आमच्याकडे पाचवीपासून बारावीपर्यंत एकच आवार आहे, त्यामुळे यातली बरीच मुलं मी लहानपणापासून पाहिलेली. नियोजनात त्या दिवशी 'माझा गाव' हा निबंध होता. तो मला नको होता. दरवर्षी चाळीस वह्यांत चाळीस गावं निसर्गाच्या कुशीत वसतात आणि सगळे लोक गुण्यागोविंदाने नांदतात. म्हणून मी कागदाचे चतकोर तुकडे वाटले आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. 'आमची माणसं' म्हटलं की कोण डोळ्यांसमोर येतं? कोणाच्या घरात न विचारता थेट स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं? देवाकडे शेवटचं काय मागितलं? मागत नसाल तर तसं लिहा. नाव लिहू नका.

दहा मिनिटांत चिठ्ठ्या माझ्या टेबलावर आल्या. मी एकेक उघडून वाचायला लागले.

एकाची 'आमची माणसं' म्हणजे फुटबॉलच्या टीममधले अकराजण आणि गोलकीपरची आई, कारण सामन्यानंतर ती सगळ्यांना पेज वाढते. एकीने लिहिलं होतं, मी देव मानत नाही, पण आजी असेपर्यंत तिच्या शेजारी उभी राहून हात जोडणार. एकाने देवाकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. खाण सुरू होऊन बाबांचा ट्रक पुन्हा चालू दे, आणि आमच्या बागायतीतल्या झरीचं पाणी परत येऊ दे. दोन्ही ओळी एकाखाली एक, एकाच पेनाने. २०१२ साली खाणी थांबल्या, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले, आणि त्या दोन्ही वेळांना इथल्या घरांचं काय झालं ते मी फीच्या थकबाकीवरून पाहिलं आहे. झरी का आटल्या हेही इथे सगळ्यांना माहीत आहे. त्या मुलालाही माहीत असणार. तरी त्याने दोन्ही मागितलं, आणि मला त्याच्याशी वाद घालावासा वाटला नाही.

मग वर्ग बोलायला लागला. शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरणारा भक्त, असलेला एक मुलगा आहे, तो उठला. जत्रेआधीचं व्रत, दिवसातून कितीदा तरी आंघोळ, शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण, हातात रंगीत लोकरीच्या गोंड्यांचं वेत, आणि वैशाख शुद्ध पंचमीला रात्री होमकुंडातून जाणं. मी विचारलं, निखाऱ्यांवरून जाताना देवी आहे असं वाटतं का? तो बराच वेळ गप्प राहिला. म्हणाला, "त्या घटकेला काहीच वाटत नाही, मॅडम. पण व्रताच्या दिवसांत मला कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे 'धोंड' म्हणतात. बापाचं नाव नाही, वाडा नाही. ते मला आवडतं."

त्याच्या मागच्या बाकावरची ख्रिस्ती मुलगी लगेच म्हणाली, लईराई आमच्या सायबिणीची बहीण. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, ही गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. सात बहिणी, त्यांतली एक मिराबाई ती मिलाग्रीस झाली. लईराईकडून तिच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, तेल जातं, आणि तिच्याकडून लईराईच्या जत्रेला मोगरीची फुलं येतात. "माझी आई दर फेस्ताला तेल घालते," ती म्हणाली, "आणि शेजारची काकी पण घालते, हिंदू आहे ती." वर्ग खूश झाला. मीही झाले. २०११ च्या जनगणनेत गोव्यात शंभरात ६६ हिंदू, २५ ख्रिस्ती आणि ८ मुसलमान. वर्गातल्या तीन मुसलमान मुलांपैकी एकाच्या चिठ्ठीत शेजारच्या गणपतीवरच्या माटोळीला बांधायची कांगलां, म्हणजे रानफळं, तो दरवर्षी डोंगरावरून आणतो, असं होतं. गोव्यातल्या सलोख्यावर प्रत्येक समारंभात भाषण होतं, आणि त्या अर्ध्या तासात मला वाटलं, भाषणं खरीच आहेत की.

पुढची चिठ्ठी मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्या ओळीनंतर थांबले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं: "एका मैत्रिणीच्या घरी न विचारता जाते, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. तिथे माझ्यासाठी वेगळा कप आहे, खिडकीत ठेवलेला असतो. निळ्या फुलांचा. लहान असताना मला वाटायचं, तो माझा कप आहे म्हणून वेगळा ठेवलाय."

मी ती घडी घालून पर्समध्ये टाकली. वर्ग म्हणाला, मॅडम, वाचा ना. मी म्हटलं, ही नाही. ज्या मुलीने ती लिहिली ती त्याच खोलीत बसली होती, आणि बहुतेक ज्या घरात तो कप आहे त्या घरची मुलगीही. धर्मांच्या मधल्या गोष्टी ही मुलं फुलांइतक्या सहज सांगतात. तेल-मोगरीची गोष्ट सांगायला कोणाला लाज वाटत नाही. कपाची गोष्ट मात्र बिननावाच्या कागदावरच येते, आणि तीसुद्धा आपल्याच धर्माच्या घरातली असते. मला तेव्हापासून सलोख्यावरचं भाषण ऐकवत नाही, कारण त्यात हा कप कधीच नसतो.

आणि मग तळाशी राहिलेली चिठ्ठी. तीन उत्तरं, तीन ओळी.

"आई, बाबा, ताई."

"कुठेच नाही."

"सरस्वती पूजेला या वर्षी मला बाकं उचलायला लावू नयेत."

ही मी वाचून मोकळी झाले, आणि शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं की ही मागणी देवाकडे पोचायच्या आधी माझ्याकडे यायला हवी होती. आमच्याकडे नवरात्रात सरस्वती पूजन असतं. कामं मीच वाटते. मखर कोणी करायचं, प्रसाद कोणी वाटायचा, आरतीला घुमट-कासाळें, म्हणजे मातीचं तालवाद्य आणि झांजा, घेऊन कोण बसणार, सगळं माझ्या अक्षरात एका फुलस्केपवर. आणि 'बाकं हलवणे' यापुढे आठवीपासून, सलग तीन वर्षं, एकच नाव. तो उंच आहे, खांद्याने रुंद आहे. मी स्वतःला हेच कारण दिलं असणार. पण वर्गात तेवढेच उंच आणखी चार मुलगे आहेत आणि ते चौघंही आरतीला बसतात.

त्याचे वडील गवंडी. लग्नानंतर हावेरी जिल्ह्यातून इथे आले, मुलगा इथेच जन्मला. घरी कन्नड, रस्त्यावर कोंकणी, पेपरात मराठी, आणि मराठीत तो माझ्या पहिल्या पाचांत असतो. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या नाहीत, उलट सगळे खाली बघायला लागले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, "ही चूक माझी आहे. कामं मी वाटली."

कोणीतरी मला सोडवायला बघत होतं: "मॅडम, तो घटमूट आसा म्हणून."

मी त्याच्याकडे बघून विचारलं, "आरतीच्या वेळी तू कुठे असतोस?"

तो उभा राहिला. "दारापाशी."

"आत का येत नाहीस?"

"चपला बघायला कोणीतरी लागतं ना, मॅडम."

हे काम मी त्याला दिलं नव्हतं. कोणीच दिलं नव्हतं. बाकं लावून झाल्यावर बसायला जागा उरली नाही म्हणून त्याने ते आपलं आपण घेतलं होतं. सव्वीस वर्षं शिकवतेय, आणि गेली तीन वर्षं पूजा झाल्यावर माझी चप्पल मला जागच्या जागी सापडायची याचं कारण मला त्या दिवशी समजलं.

मग तो जे बोलला ते मी जमेल तसं लिहिते. देऊळ अडवत नाही, तो म्हणाला, देवळात कोणीही जातं, मीही जातो. चवथीला घरमालक हाक मारतात, प्रसाद देतात. पण गावात अखंड भजन असतं तेव्हा प्रत्येक वाड्याची पाळी असते. रात्री दोनची असो, पहाटे पाचची असो, त्या वाड्यातली माणसं उठून जातात. "आमची पाळी कधीच नसते. रात्री दोनला आम्हांला कोणी उठवत नाही." आजोळी गेलं की सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर नेतात, पण तिथली मुलं त्याला 'गोवादवनु' म्हणतात, गोव्याचा. हे त्याने तक्रारीच्या सुरात नव्हे, पत्ता सांगावा तसं सांगितलं.

नार्व्याहून येणारी एक मुलगी आहे, एरवी बोलत नाही. ती म्हणाली, "आमचा सप्तकोटेश्वर पण भायलोच." भायलो म्हणजे बाहेरचा. वर्ग चमकला. ती म्हणाली, तो मूळचा पलीकडे दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडलं, मग देव नदी ओलांडून आमच्याकडे आला, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देऊळ नव्याने बांधायला घेतलं. "मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. देवाक कोण भायलो म्हणटा? मी रोज दिवाडीची फेरी बघते, मला हे रोज आठवतं."

मला वाटलं, इथे तास संपवावा. पण धोंड मुलगा म्हणाला, नाही, हे तितकं सोपं नाही. देव आला तेव्हा एकटा नाही आला, त्याचे महाजन, म्हणजे देवळाचे हक्कदार, आले, जमीन मिळाली, मान ठरले. आणि ज्या गावात तो आला त्या गावातली आधीची माणसं कितीतरी ठिकाणी सेवेकरी झाली, महाजनांच्या वहीत त्यांची नावं नाहीत. "माझ्या आज्याचं पण नाही," तो म्हणाला. म्हणजे हा पिढ्यान् पिढ्यांचा गावचा, आणि त्यालाही वहीत नाव नाही. व्रताच्या दिवसांत बापाचं नाव पुसलं जातं ते त्याला का आवडतं, हे मला तेव्हा उमगलं. नार्व्याच्या मुलीकडे यावर उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

मी त्या उंच मुलाला विचारलं, तुला पूजेला काय करायचंय? मला वाटलं सूत्रसंचालन म्हणेल, मराठी चांगलं आहे. तो म्हणाला, "घुमट वाजवायचं आहे."

आता वर्ग हलला. घुमट हे आरतीतलं मानाचं वाद्य. इथली मुलं ते आज्या-काकांच्या मांडीला मांडी लावून शिकतात. हा कुठे शिकला? भाड्याच्या खोलीत. भिंतीपलीकडे श्रावणात रोज आरत्यांचा सराव चालतो, आणि हा अलीकडे वडिलांच्या रंगाच्या रिकाम्या बादलीवर तोच ठेका धरतो. चार वर्षं. भिंतीपलीकडच्यांना माहीत नाही.

"वाजव," मी म्हटलं.

त्याने बाकावर वाजवलं. आधी सावकाश, मग आरतीची चाल चढते तसं. पावसाचा आवाज होता तरी स्पष्ट ऐकू येत होतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, याचं मला आता बरं वाटतं. ज्याचं घर भिंतीपलीकडे आहे, वाड्याच्या आरती मंडळात जो स्वतः घुमट वाजवतो, तो मुलगा तिरकी मान करून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "बाकार दावो हात खंय चलयतलो?" घुमटाला दोन तोंडं असतात. मोठ्यावर कातडं, त्यावर उजवा हात. मागचं लहान तोंड उघडं, ते डाव्या तळव्याने झाकत-उघडत आवाज जाडा-बारीक करायचा. खरं वाजवणं डाव्या हातात असतं, आणि ते ना बाकावर जमतं ना बादलीवर. मग तो आणखी म्हणाला, "तिसऱ्या ठोक्याला तू घाई करतोस. फाल्यां घुमट हाडटां."

दुसऱ्या दिवशी घुमट आलं नाही. मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, देवळांतलीं घुमटां भायर काडूंक मेळचीं नात. नियम जुना आहे, त्यावर मी काही बोलले नाही, पण पोरगा खाली मान घालून मला हे सांगत होता तेव्हा मला राग आला होता.

गुरुवारी दोघं मिळून डिचोलीच्या कुंभाराकडून कोरं मातीचं भांडं घेऊन आले. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढवायचे, आता कायद्याने बंदी आहे, बकऱ्याचं लावतात. ते त्यांनी भिजवलं, ताणलं, दोरीने आवळलं आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलं. पावसात कातडं लवकर सुकत नाही. पूजेला बारा दिवस आहेत. फुलस्केप मी अजून भरलेला नाही. बाकांसाठी सगळ्या मुलग्यांची नावं पाळीने लिहायची आहेत, आणि चपलांपाशी कोण, ते वर्गालाच ठरवायला सांगितलंय. त्यावर अजून भांडण चालू आहे. मधल्या सुट्टीत ते दोघं खिडकीपाशी जातात, बोटाने टिचकी मारून बघतात, आणि मला सांगायला येतात की मॅडम, अजून ओलं आहे.