‘घेऊ का?’ असं विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, भिशीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलंय: “तुमच्याकडे ते चायनाचं लेझर मशीन आहे ना, आम्ही घेऊ का?” पाठोपाठ “कितीला पडलं?” आणि मग जरा हळू आवाजात, “मिस्टर बघतात का त्याचं?”

शेवटच्याचं उत्तर आधी. नाही. मशीन लेझरने एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, कापतं; त्या जळक्या वासाने त्यांचं डोकं चढतं, ते त्या खोलीत फिरकतही नाहीत.

किंमत सांगत नाही म्हणून लोक रुसतात. पण कुठली सांगू? बिलावरच्या आकड्यात के-४० (हेच ते मशीन) येतं खरं: निळं-पांढरं पत्र्याचं खोकं, लेझरचा किरण तयार करणारी काचेची ट्यूब, तो वळवणारे तीन आरसे, एक भिंग आणि ट्यूब थंड ठेवणारं पाणी फिरवायला फिशटँकमध्ये असतो तसला पंप. बादली आपली, डिस्टिल्ड वॉटर आपलं, आणि एप्रिलमध्ये पाणी २५ अंशांच्या खाली राहावं म्हणून फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बाटल्याही आपल्याच. ट्यूब म्हणे ४० वॅटची. जेमतेम ७० सेंटिमीटर लांबीच्या ट्यूबमधून ३०-३५च्या वर फारसं निघत नाही. बेड ३०० बाय २०० मिलिमीटर. तरी २०१८मध्ये थर्माकोलवर बंदी आली आणि जो तो एमडीएफचं मखर मागायला लागला, तेव्हा तीन फुटी मखरं मी ह्याच बेडवर तुकड्यातुकड्यांनी कापून खाचांत बसवली. सांधे कुठे आहेत ते कुणाला कळलं नाही. फुशारकीच मारतेय, मारू दे.

आरसे जुळवणं महाकठीण, असं सगळे घाबरवतात. मला नाही वाटलं. आरशापुढे चिकटपट्टी लावायची, झाकण बंद करून टेस्टचं बटण क्षणभर दाबायचं, पट्टीवर जळका ठिपका उमटतो. (झाकण बंदच. १०.६ मायक्रॉनचा हा किरण डोळ्याला दिसत नाही, डोळा जाळतो मात्र.) आरसा अलीकडे असो की पलीकडच्या टोकाला, ठिपका एकाच जागी पडेपर्यंत मागचे स्क्रू फिरवत राहायचं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला त्यात काय एवढं?

माझं घोडं अडतं ते दुसरीकडे.

उन्हाळ्यातली दुपार. सासूबाई गॅलरीत पापड घालत होत्या. गॅलरीच्या दाराशीच मशीन, चालू. ओल्या हातांनी, अनवाणी त्या आत आल्या आणि आधाराला म्हणून पत्र्यावर हात टेकला. झटकन मागे घेतला. “अगं, हे चावतंय!”

मी आधी प्लग उपटला, त्यांना खुर्चीत बसवलं. काही झालं नव्हतं, कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या, बस. मग चपला घालून पुन्हा प्लग लावला, पत्र्याला टेस्टर टेकवला. दिवा लागला.

इलेक्ट्रिशियन आला आणि मिस्टरांकडे बघून म्हणाला, “साहेब, मशीन लीक मारतंय, परत पाठवा.” मी म्हटलं, आधी बल्ब लावून बघा. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख. फेज आणि अर्थमध्ये, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या तिसऱ्या वायरीशी, काळाकुट्ट. बोर्डावर तिसरं भोक होतं, भोकामागे काहीच नव्हतं. अर्थच नसला की मशीनच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरांतून २३०चे साधारण निम्मे व्होल्ट पत्र्यावर येऊन बसतात. त्या मुंग्या. पण मला घाम फुटला तो पुढच्या विचाराने. ट्यूब पेटायला वीसेक हजार व्होल्ट लागतात. त्यांची परतीची वायर मशीनवरच्या करंट दाखवणाऱ्या मीटरमधून जाते, ती कधी सैल झाली तर ते व्होल्ट वाट शोधत पत्र्यावरच येणार.

सोसायटीत खड्डा खणायची परवानगी हे वेगळंच रामायण, ते राहू दे. शेवटी मागच्या बागेत जीआय पाइप पुरला, भोवती कोळसा-मीठ, तिथून भिंतीवरून वायर वर. बल्ब लख्ख लागला. मशीन लावलं, टेस्टर टेकवला, तर दिवा पुन्हा हजर.

मग मागचं पॅनल उघडलं. हिरवी-पिवळी वायर जागच्या जागी होती, टोकाला थिंबल (स्क्रूत अडकणारी कडी) होतं, वॉशर होता, स्क्रू घट्ट. फक्त हे सगळं रंगावर आवळलेलं. रंगातून वीज जात नाही. पॉलिश पेपरने रुपयाएवढा पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर टाकून स्क्रू पुन्हा आवळला. मल्टिमीटरची एक पिन प्लगच्या अर्थला, दुसरी झाकणाला: बीप, म्हणजे जोडलं गेलं. कारखान्यात हे मिनिटाचं काम होतं, आणि ते कुणी केलं नव्हतं.

त्या दुपारची मी आजच्या मला म्हणते, विकून टाक. मी म्हणते, भिंतीत अर्थ नव्हता हा काय मशीनचा दोष? फ्रीज, गीझर त्याच भोकांवर चालत होते, मशीनने निदान सांगितलं तरी. ती म्हणते, सांगितलं ते आईंच्या हाताला. इथे माझं तोंड बंद होतं.

मखरं आणि नेमप्लेटांतून मशीनचे पैसे वसूल झाले, मध्ये बदललेल्या ट्यूबचेही. वेळेचे नाहीत. तुम्हाला घ्या म्हणवत नाही, आणि माझं विकायचं म्हटलं की गिऱ्हाईकाला नको ते सगळं मीच सांगून बसते. तुम्हाला उलट विचारते, घरात अर्थिंग आहे का, तर म्हणता, “थ्री पिन आहे ना.”

आईंना मी मल्टिमीटरचा बीप मुद्दाम ऐकवला, एकदा नाही, दोनदा. नीट ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, “वाजतंय ते वाजू दे. माझे पापड गच्चीवर.”