जुनी ब्रिटिश गाडी ठाण्यात सांभाळायची तर आधी पत्रा, मग इंजिन

जुनी मॉरिस मायनर किंवा स्टँडर्ड हेराल्ड बघायला गेलं की विकणारा आधी बॉनेट उघडतो, इंजिन सुरू करतो, आणि घेणारा त्या आवाजावरच भाव ठरवतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. या गाड्यांचं इंजिन म्हणजे साधं ओतीव लोखंड, कितीही वेळा उघडा आणि बसवा. बोअर करायचा, क्रँक ग्राइंड करायचा, तर वागळे इस्टेट आणि तुर्भे-रबाळे एमआयडीसीत मशीनशॉप आहेत. सडलेल्या पत्र्याला मात्र असा सोपा इलाज नाही. चार महिने धो धो पाऊस, त्यात ऐरोली-वाशी-बेलापूरकडे खाडीची खारी हवा. इथे गाडी इंजिनामुळे नाही, गंजामुळे भंगारात जाते.

दोन्ही गाड्यांची बांधणी वेगळी, म्हणून तपासणीही वेगळी. मायनर १९४८ ते १९७१ या काळात बनली. पन्नासच्या दशकात ती आपल्याकडे 'बेबी हिंदुस्तान' म्हणूनही विकली गेली. तिला वेगळी चासी नाही, सगळा भार फ्लोअर आणि सिलवर (दाराखालच्या पोकळ पेटीवर) असतो. हेराल्ड मुळात १९५९ ची ट्रायम्फ, आणि १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने बनवली. तिची चासी वेगळी, बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली.

मायनर बघताना पुढच्या सीटा काढायला लावा आणि कार्पेट उचला. सीटखाली आडवा क्रॉसमेंबर आहे. पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारची (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळयांची) मागची टोकं त्यातच अडकवलेली असतात, आणि जॅक लावायची जागाही त्याच्याच टोकाला. म्हणजे तो सडला तर प्रश्न फक्त फ्लोअरचा राहत नाही, पुढची चाकंच ज्याच्या आधारावर उभी आहेत तो आधार जातो. गाडीखाली सरकून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मग मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे हँगर बघा. वर ताजं काळं अंडरकोटिंग जाड थापलेलं दिसलं तर तिथे जास्त वेळ द्या. ते बहुतेक वेळा गंजावरच मारलेलं असतं.

हेराल्डला दाराच्या फटी पुष्कळ सांगतात. दार आणि बॉडी यांतली फट वर-खाली सारखी हवी. वर कमी आणि खाली जास्त असेल तर चासी किंवा बॉडी माउंट बसले आहेत. चासीपासून बाजूला निघणारे आउटरिगर आतून सडतात, बाहेरून रंग शाबूत राहतो. बूटमधली स्टेपनीची जागा आणि मागच्या रेडियस आर्मचे (मागचं चाक जागेवर धरणाऱ्या दांडीचे) ब्रॅकेटही तपासा. दोन्ही गाड्यांना पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक खालच्या सहा इंचांवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुटी) भरलेली आहे. गाडी कधी पुरात बुडाली असेल, २६ जुलै २००५ ला अशा कितीतरी बुडाल्या, तर दारांच्या पोकळीत आणि सीटच्या रुळांमागे वाळलेला गाळ सापडतो.

डेंटरशी बोलताना एक गोष्ट आधीच पक्की करा: सडलेला भाग कापून काढायचा, त्यावर ठिगळ डकवायचं नाही. भार घेणाऱ्या जागी १८ गेज, बाहेरच्या पॅनेलला २० गेज सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा. जुन्या पत्र्यावर नवा वेल्ड केला की दोन थरांच्या मधे पाणी अडकतं आणि नवाही सडतो. वेल्डिंग झाल्यावर पोकळीत आतून कॅव्हिटी वॅक्स मारून घ्या. दरवर्षी मृग लागण्याआधी दारांची आणि सिलची ड्रेन भोकं तार घालून मोकळी करा. पाच मिनिटांचं काम, पण बहुतेक गाड्यांत ती मातीने बुजलेलीच असतात. प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यात अजिबात घालू नका. आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि गंज दुप्पट जोराने धरतो. सोसायटीच्या स्टिल्टखाली उघडी गाडी बरी.

कागदपत्रं पत्र्याइतकीच महत्त्वाची. आरसीवरचा चासी नंबर गाडीवर स्वतः वाचा, पेन्सिलने छाप घ्या. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मधली वर्षं सोडलेली असतील तर तो खर्च आणि ते हेलपाटे भावात धरा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओतून आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी, मूळ मालक वारलेले असतील तर वारसांकडून फॉर्म ३१. वारसांच्या सह्या मिळण्याआधी पूर्ण पैसे देऊ नका, मग नोंदणी एमएच ०४ ला (ठाणे) करायची असो की एमएच ४३ ला (नवी मुंबई).

पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा ५,०००, आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्याचपुरती. रविवारी सकाळी पाम बीच रोडला फेरी मारायची हौस असेल तर साधी नोंदणी चालू ठेवणंच सोयीचं.

आता चालवण्याकडे. इथे ज्या एका जागेची सगळ्यात जास्त काळजी वाटते ती म्हणजे पुढचे ट्रनियन, पुढचं चाक ज्यावर वळतं तो खालचा सांधा. हेराल्डमध्ये स्टीलच्या उभ्या लिंकचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते पितळी ट्रनियनमध्ये फिरतं. स्टीअरिंग वळतं ते या आट्यांवरच. कंपनीने इथे ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल सांगितलं आहे. मिस्त्री मात्र ग्रीस गन लावून मोकळा होतो. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, वर घट्ट होऊन बसतं, खाली पावसाचं पाणी साठतं आणि स्टीलला आतून गंज चढतो. मग एके दिवशी, बहुधा पार्किंगमध्ये पूर्ण स्टीअरिंग फिरवताना, लिंक आट्यांपाशीच तुटते आणि चाक मडगार्डखाली आडवं पडतं. हेच मुंब्रा बायपासच्या उतारावर झालं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून ट्रनियनचा प्लग काढा, निपल लावा, गनमध्ये ईपी ९० भरा आणि वरच्या सीलमधून स्वच्छ तेल बाहेर येईपर्यंत पंप करा. आधी पाणी किंवा तांबूस गाळ आला तर लिंक काढून आटे बघायलाच हवेत. पावसाळ्याआधी एकदा, दसऱ्याला एकदा. अलीकडे गाडी घेतली असेल आणि आधी काय भरलं होतं याचा भरवसा नसेल तर दोन्ही बाजूच्या लिंक उतरवून तपासल्याशिवाय घाटात नेऊ नका.

मायनरला याच्या बरोबर उलट. तिच्या स्विव्हल पिनला ग्रीसच लागतं, पण चाक जॅकवर उचलून. वजन चाकावर असताना ग्रीस आट्यांच्या दाबलेल्या बाजूला जात नाही. तिथले आटे झिजले की पिन निसटते आणि चाक असंच पडतं. चाक हवेत असताना वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली की थांबा.

गरम होण्याची तक्रार घोडबंदर रोडला, त्यातही गायमुखच्या चढाला लागलेल्या रांगेत हमखास ऐकू येते. रेडिएटरला दोष देण्याआधी ब्लॉक बघा. मायनरच्या ए-सीरिज इंजिनात गाळ मागच्या, चौथ्या सिलिंडरपाशी साठतो. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडून काहीच आलं नाही तर तो तारेने मोकळा करा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत उलटं फ्लश करा. नंतर बोअरवेलचं पाणी नको. डिस्टिल्ड वॉटर आणि निम्मं नाही तरी तिसरा हिस्सा कूलंट. वॉटर पंप आणि हेड यांच्यामधला दीड बोटाचा बायपास होस हा या इंजिनाचा ठरलेला फुटण्याचा बिंदू आहे. तो दिसत नाही, म्हणून कुणी बदलत नाही. पंप काढाल तेव्हा तो बदलाच.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि त्याने जुने रबर होस फुगतात, मऊ पडतात. फ्युएल पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे होस एसएई जे३० आर९ दर्जाचे घाला. टाकीतला जुना थर सुटून खाली येतो, तेव्हा पहिले काही महिने पारदर्शक फिल्टर लावून त्यावर नजर ठेवा. मिक्श्चरही पातळ पडतं. मायनरच्या एसयू कार्बोरेटरला जेटखालचा नट एक-दोन बाजू, म्हणजे सहाव्या हिश्शाचा एक किंवा दोन फेरे, खाली घ्यावा लागतो. मग इंजिन तापल्यावर कार्बोरेटरचा पिस्टन एखाद मिलिमीटर उचलून बघा. आवाज किंचित वाढून जागेवर आला तर बरोबर, वाढलेलाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), बंद पडायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी). त्या पिस्टनवरच्या डॅशपॉटमध्ये २० नंबरचं ऑइल आहे ना, तेही बघा. ते नसेल तर ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन अडखळतं. पीयूसीला या वयाच्या गाडीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्क्यांपर्यंत चालतो, तेव्हा उगाच रिच ठेवण्यात अर्थ नाही.

शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट हळूहळू खाली बसतात. मायनरचे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) ०.०१२ इंचावर लावूनही पुन्हा पुन्हा घट्ट व्हायला लागले की समजा सीट बसतेय. त्यावेळी हेड काढून कडक सीट बसवून घ्या. आधीच घाई करायची गरज नाही.

वायरिंगमध्ये एकच धोका मोठा: मायनरमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. नव्या पोराने सवयीने निगेटिव्ह जोडलं तर डायनामोची ध्रुवता उलटी राहते आणि चार्जिंगचा कटआउट जळतो. बॅटरीवर तेलरंगाने मोठं अधिकचं चिन्ह काढून ठेवा. पाने १/२ आणि ७/१६ इंचाचे घ्या. १३ मिमीचा पाना १/२ इंची नटावर सैल बसतो आणि कडा गोल करतो. हेराल्डच्या १३ इंची चाकांना जुन्या वॅगन-आरचे १४५/८० आर १३ टायर बसतात, मायनरच्या १४ इंचीसाठी मात्र शोधाशोध करावी लागते.

ब्रेकचं सर्किट एकच, त्यामुळे एक पाइप गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले. हँडब्रेक नेहमी धरणारा हवा. मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खाली असतो. झाकण कार्पेटखाली असल्याने पातळी कुणी बघत नाही. दर महिन्याला बघा, आणि फ्लुइड दोन वर्षांत पूर्ण बदला. आपल्या दमट हवेत ते पाणी लवकर ओढतं. सिलिंडर काढायचा झाला की त्याचे बोल्ट बाहेर येताना टॉर्शन बारला अडतात, आणि बार सैल करून खाली घेतल्याशिवाय निघत नाहीत. परत बसवताना तेच बोल्ट उलट्या बाजूने घाला, नट टॉर्शन बारच्या बाजूला. पुढच्या वेळी बारला हात लावावा लागत नाही.