आईचा फोन तांब्याच्या तारेवरून फायबरवर नेताना

साताऱ्याच्या आमच्या घरी १९९३ साली, काही वर्षे प्रतीक्षायादीत काढल्यावर, वडिलांच्या नावे फोन आला. गेल्या दोन पावसाळ्यांत त्याची खरखर इतकी वाढली, की सर आली की आईशी बोलणे सोडून द्यावे लागे. केबलच्या जोडात पाणी शिरले की असे होते, हे लाइनमनकडून अनेकदा ऐकले होते, या वेळी मात्र त्यांनी स्पष्टच सांगितले, "ताई, बदलून द्यायला केबलमध्ये चांगली पेअरच, म्हणजे तारांची जोडीच, उरलेली नाही. आता फायबर घ्या."

क्रमांक मात्र तोच हवा होता, कारण आईच्या वयाच्या सगळ्या नातेवाइकांना तो तोंडपाठ आहे. वडील हयात नसल्यामुळे आधी जोडणी आईच्या नावे करून घ्यावी लागली. मृत्यूचा दाखला, आईचे आधार कार्ड, शेवटचे बिल आणि आम्हा भावंडांची ना-हरकत पत्रे एवढे कागद लागले आणि भावाची एक सही राहिल्याने मला दुसऱ्यांदा जावे लागले. 'जुना क्रमांक कायम ठेवून' हे शब्द मी अर्जात आवर्जून लिहिले होते आणि इतरांनीही ते लिहावेत, असे मला वाटते.

प्रत्यक्ष जोडणी दोन तासांत झाली. खांबावरून आणलेल्या काळ्या केबलचे टोक सोलल्यावर आतून केसासारखी बारीक काच निघाली. तंत्रज्ञाने ती स्पिरिटने पुसली, छोट्या यंत्रात अचूक कापली, कनेक्टर बसवला आणि मीटरवर उजेड मोजला. आकडा उणे २१ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचे एकक) आला, म्हणजे उत्तम. "उणे २७ च्या पलीकडे गेला तर तक्रार करा आणि कपाट सरकवताना ही वायर मुडपू नका, काकू," असे त्याने आईला दोनदा बजावले.

तो गेल्यावर लक्षात आले, की फोन येतो, पण लावता येत नाही. बऱ्याच वेळाने फोन उलटा केला, तेव्हा खाली 'पी' आणि 'टी' अशी दोन अक्षरे असलेले छोटे बटण दिसले. फायबर जोडलेल्या भिंतीवरच्या नव्या पेटीला जुन्या पद्धतीचे पल्स ('पी') डायलिंग कळत नव्हते. बटण 'टी'वर, म्हणजे टोनवर, सरकवताच फोन लागला.

खरी अडचण तिसऱ्या दिवशी कळली. दुरुस्तीसाठी वीज बंद होती आणि तीन तास आईचा फोन मुका होता. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्ट वीज घरापर्यंत येत असे, म्हणूनच भारनियमनातही आमचा फोन कधी बंद पडला नव्हता. काचेतून फक्त प्रकाश येतो. भिंतीवरची पेटी आणि तिच्यामागचा फोन घरच्या विजेवर चालतो. जोडणी देताना हे आम्हाला कोणीही सांगितले नाही, याचे मला अजून वाईट वाटते, कारण एकट्या राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोन जाळे जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायचे आहे. पण तिथे लँडलाइनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकाला वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन फोन करता येईल अशी सोय कंपनीने करावी, असे नियामकाचे सांगणे आहे. आपल्याकडेही फायबर देतानाच अशी व्यवस्था व्हायला हवी.

मी पेटीच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियरचे आकडे लिहून नेले आणि त्यांना जुळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणला. तो रात्रभर चार्ज करून सकाळी मेन स्विच बंद केला आणि आईला दर अर्ध्या तासाने फोन लावत राहिले. सव्वातीन तास तो चालला. ती वेळ मी चिठ्ठीवर लिहून फोनशेजारी चिकटवली आहे आणि दर दोन महिन्यांनी ही चाचणी पुन्हा घ्यायचे आम्ही ठरवले आहे.