लाईट गेली की रेकॉर्डिंग

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. "घरी रेकॉर्डिंग करायचंय, लॅपटॉप जुना आहे, नवा घेऊ का?" भजनी मंडळातली पोरं विचारतात, पेटी शिकणाऱ्या मुलींचे वडील विचारतात, परवा खानापूरहून एका काकांनी याचसाठी फोन केला. सगळ्यांना मी एकच सांगतो: नवा घेऊ नका. आधी तुमची खोली कशी वाजते ते ऐका.

आमचं घर बेळगावात, वडगावला. गल्लीत माग आहेत, सकाळपासून खटखट सुरू. मी पैसे साठवून पहिल्यांदा घेतला तो कंडेन्सर माईक. माईक चांगलाच होता. आत्याच्या जात्यावरच्या ओव्या धरल्या, हेडफोन लावला आणि पोटात गोळा आला. ओवीच्या मागे तीन घरं पलीकडचा माग, वरचा पंखा, शेजारचा कुकर, सगळं स्वच्छ. कंडेन्सर माईक तिखट कानांचा असतो. त्याला ४८ व्होल्टही पुरवावे लागतात. गोंगाटाच्या घरात डायनॅमिक माईक बरा, तो जवळचंच जास्त ऐकतो. शूअरचा एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे तो उगीच नाही. तोंडापासून चार बोटांवर धरला की गळा पुढे राहतो, गल्ली मागे पडते. अगदी ओठांना लावलात तर मात्र खर्ज फुगतो. पेटीला भात्यासमोर माईक ठेवू नका, वारा आणि करकर दोन्ही येतात. पेटीवादक रामभाऊ विजापुरे मास्तरांच्या गावात पेटी नीट ऐकू यायलाच पाहिजे.

मग खोली. दोन दारांवर दोरी बांधून आजीच्या वाकळी सोडल्या, एक गाणाऱ्याच्या मागे, एक बाजूला. भिंतींवरून परत येणारा आवाज तिथंच जिरला. बाहेरचा माग वाकळीनं थांबत नाही, हेही सांगून ठेवतो. त्यासाठी वेळच निवडावी लागते. पावसाळ्यात कौलांवर सर आली की हात जोडून बसायचं.

लॅपटॉपचा पंखा हा घरातलाच शत्रू. तो उघडून धूळ काढून घेतली, थर्मल पेस्ट बदलली, अर्धी घरघर कमी झाली. उरलेल्या अर्ध्यासाठी लॅपटॉप स्वयंपाकघरात ठेवतो आणि माईकची एक्सएलआर केबल (तीन पिनांची) दहा मीटरची घेतली आहे. ती बॅलन्स्ड असते, म्हणजे वाटेत शिरलेली खरखर तिच्या दोन तारांत खोडली जाते, म्हणून लांब नेली तरी खरखर धरत नाही. यूएसबी केबल पाच मीटरच्या पुढे नेऊ नये. म्हणूनच थेट यूएसबी माईक घेण्यापेक्षा मी दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी डबी, जुना घेतला. माझ्या सगळ्या खरेदीत त्याचे पैसे सर्वांत सार्थकी लागले.

इंटरफेसला डायरेक्ट मॉनिटर आहे का ते आधी बघा. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून आला की लोक म्हणतात मशीन स्लो झालं, आणि पन्नास हजारांना हात घालतात. बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी गोळा करतो तेवढे आवाजाचे तुकडे. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार तुकडे धरताना, तो १०२४ ठेवला तर नुसत्या त्याचाच उशीर २१ मिलिसेकंद. १२८ ला तोच तीनच्याही आत. जुनं मशीन १२८ ला तडतड करतं, मान्य. पण डायरेक्ट मॉनिटरमध्ये आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो, मग बफर १०२४ ठेवा, बिघडत नाही.

लॅपटॉपमध्ये मी तीन गोष्टी बदलल्या: रॅम ४ ची ८ जीबी, हार्ड डिस्क काढून एसएसडी, आणि नवी बॅटरी. एसएसडीनं आवाज सुधारत नाही, काम झटपट उघडतं आणि डिस्कची कुरकुर जाते. २४ बिटला दोन ट्रॅक तासभर धरले तरी जेमतेम १ जीबी होतो, तेवढं जुनी डिस्कही लिहिते. सॉफ्टवेअरला ऑडॅसिटी फुकट आहे.

खरी किंमत बॅटरीची. आमच्या घरात अर्थिंग धड नाही, चार्जर लावला की प्रत्येक ट्रॅकखाली ५० हर्ट्झचं गुंईं. चार्जर काढला की गप्प. इंटरफेस यूएसबीवरच चालतो, कंडेन्सरचे ४८ व्होल्टही त्यातूनच निघतात. म्हणजे लाईट गेली तरी रेकॉर्डिंग चालतं. आणि लाईट गेली की माग थांबतात, पंखे थांबतात, पलीकडची मोटर थांबते.

आत्यानं हे माझ्याआधी ओळखलं. दुपारी खटकन सगळं शांत झालं की ती चूल सोडून वाकळींच्या मध्ये येऊन बसते, पदरानं तोंड पुसते. "लाईट गेली बघ, आण की तुझा माईक." कंडेन्सर आता तेवढ्याच वेळी बाहेर काढतो. ओवी संपताना ती घेते तो श्वाससुद्धा त्यात येतो. आतापर्यंत तिच्या एकेचाळीस ओव्या झाल्यात.