आमची वाटचाल: नियमांचं ओझं कुणाच्या डोक्यावर?

ठाण्याच्या नौपाड्यात पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. खाली गाडी लावायला जागा नाही, त्यामुळे येणारे बहुतेक जण स्टेशनवरून चालतच येतात. इथे आम्ही टेबलटॉप रोलप्लेइंग गेम चालवतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, बाकीचं सगळं जग सांभाळतो. पात्रानं काही धाडस केलं की फासे टाकायचे. याशिवाय आमची स्वतःची मराठी नियमपुस्तिका आहे, ती वागळे इस्टेटमध्ये छापून घेतो. धंदा एवढाच. पण त्या पुस्तिकेत कुठला नियम ठेवायचा आणि कुठला काढायचा यावरून मी आणि माझा मेहुणा (भागीदारही तोच) जेवढे भांडलो, तेवढे खोल्यांच्या भाड्यावरूनही भांडलो नाही.

सुरुवात अर्थातच डन्जन्स अँड ड्रॅगन्सनं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली आला आणि हा सगळा प्रकारच त्याच्यापासून सुरू झाला. आम्ही 2014 ची पाचवी आवृत्ती खेळवायचो. तिचा गाभा सुटसुटीत आहे: वीस बाजूंचा फासा टाका, त्यात आपल्या पात्राचा आकडा मिळवा, समोरचा आकडा गाठा. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, प्रतिकूल असेल तर लहान. अकरा किंवा त्याहून जास्त हवे असतील तर एका फाशानं शक्यता निम्मी, दोन फाशांनी 75 टक्के. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दर खेपेला बारीकसारीक आकड्यांची बेरीज-वजाबाकी करत बसावं लागे. त्या आकडेमोडीचा बराचसा भाग पाचव्या आवृत्तीच्या या दोन फाशांच्या नियमानं संपवला. मला तो आजही फार आवडतो.

पण गाभ्याभोवती जे आहे ते सुटसुटीत नाही. नुसते मंत्रच तीनशेच्या वर, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र परिच्छेद. नव्या माणसाची पहिली संध्याकाळ कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, भरण्यातच जायची. शिवाय मला येऊरच्या जंगलात एक भुताची गोष्ट चालवायची होती. तिथे तलवारीचा घाव किती गुणांचा, याचं कुणाला काय पडलंय?

मग मेहुण्यानं गर्प्स हा खेळ आणला. स्टीव्ह जॅक्सन गेम्सचा, 1986 चा. यात कुठलंही जग चालतं: अंतराळ, पेशवाई, आजचं घोडबंदर. ठरावीक गुण मिळतात, त्यातून पात्राच्या क्षमता विकत घ्यायच्या. फासे साधे, सहा बाजूंचे, तीन. बेरीज आपल्या कौशल्याइतकी किंवा कमी आली की जमलं. कौशल्य 10 असेल तर शक्यता 50 टक्के, 11 ला 62.5. पण 14 वरून 15 वर गेलात तर जेमतेम पाच टक्क्यांचा फायदा. आमच्याकडे येणाऱ्या एका सीएला हे इतकं आवडलं की तो पात्र बनवण्यातच रमला. बाकीच्यांनी तोवर दोनदा चहा मागवला. लवचिकता भरपूर, पण तिची किंमत खेळ सुरू व्हायच्या आधीच रोखीनं मोजायची.

दुसरं टोक म्हणजे जॉन हार्परचा लेझर्स अँड फीलिंग्ज, 2013 चा. सगळे नियम एका पानावर. पात्राला एकच आकडा, 2 ते 5 मधला. डोकं वापरायचं काम असेल तर फाशावर त्याहून कमी यायला हवं, मन वापरायचं असेल तर जास्त. म्हणजे एकीकडे जे कमावलं ते दुसरीकडे आपोआप गमावलं. कमाल हुशारी आहे ही! ऐरोली-महापेच्या कंपन्या टीमसाठी दोन तास बोलावतात तेव्हा आम्ही हेच नेतो. दहा मिनिटांत सगळे खेळायला लागतात. आमचं भाडंही मुख्यतः याच कामातून निघतं, हेही सांगून टाकतो.

तेच पान दर शनिवारच्या लांबलचक कथेला मात्र पुरत नाही. नियम कमी म्हणजे मोकळीक जास्त, असं सगळ्यांना वाटतं. पण छपरावरून उडी मारता येईल का, पहारेकऱ्याला फितवता येईल का, हे पुस्तक सांगत नसेल तर जीएमला सांगावं लागतं, आणि तेही दर वेळी नव्यानं. "मागच्या शनिवारी हो म्हणालात, आज नाही का?" हे ऐकलं की समजायचं, नियम कुठे गेलेले नाहीत. पुस्तकातून निघून ते जीएमच्या डोक्यात जाऊन बसलेत. दिवसभर लोकलनं धक्के खात आलेल्या जीएमच्या डोक्यात!

म्हणून आमच्या पुस्तिकेत गाभा एकच ठेवला, 2010 च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळानं रूढ केलेला: दोन साधे फासे टाकून बेरीज करायची, 10 किंवा वर आले तर जमलं, 7 ते 9 आले तर जमलं पण काहीतरी मोजावं लागलं, 6 किंवा खाली आले तर जीएमची पाळी. एकूण 36 शक्यतांपैकी अनुक्रमे 6, 15 आणि 15. पात्राचा एक गुण बेरजेत मिळवला तर 10, 16 आणि 10. मधल्या भागाहून मोठा भाग दोन्हीकडे कुठलाच नाही, आणि कथा पुढे सरकते ती त्यातूनच.

लवचिकता ठेवली ती वेगळ्या पानावर. प्रत्येक कथेला तिचं एक पान. येऊरच्या भुताच्या पानावर भीतीचे नियम, तलवार नाहीच. 16 एप्रिल 1853 च्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या पानावर तीन इंजिनं, वेळापत्रक आणि डब्यातले मानकरी. गाभा तसाच, त्यामुळे भुताच्या कथेतला माणूस गाडीच्या कथेत बसला की त्याला नव्यानं शिकावं लागत नाही. तोटा असा की प्रत्येक पान कुणीतरी बसून लिहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आम्हीच. पानं सुटी विकतो, त्यात कागद-छपाई निघते, लिहिण्याचे तास निघत नाहीत.

सध्या 1737 सालच्या, मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला त्या मोहिमेचं पान चाललंय. शनिवारच्या टेबलावरचे एक निवृत्त काका म्हणतात, खाडी आहे तर भरती-ओहोटीचा स्वतंत्र तक्ता हवाच, रात्री होड्या कधी निघतील ते त्यावर ठरेल. मेहुणा म्हणतो, तक्ता आला की पुन्हा गर्प्स. मी दोन ओळींचा नियम लिहिलाय, तो काकांना फार पातळ वाटतो. येत्या शनिवारी दोन्ही करून बघणार आहोत, म्हणून पान अजून छापायला दिलेलं नाही.